गोठलेल्या पाणथळीत जानेवारीत बघायला काय असतं?

तुमचा प्रश्न असा होता: ऑक्टोबरात पुण्याहून कॅनडातल्या मिसिसागाला आलो, जानेवारीत घरात बसून जीव उबगला आहे, ऑफिसातल्या कुणीतरी रॅटरे मार्श नावाच्या इथल्या पाणथळीला जाऊन ये म्हणून सांगितलं. पण आता तिथे सगळं गोठलेलं असणार, मग वाळक्या गवतात आणि बर्फात बघायचं काय? आणि त्या बर्फावरून चालता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बर्फावर पाय ठेवू नका. पाणी कितीही घट्ट गोठलेलं दिसो, बर्फावर आणखी कुणाच्या बुटांचे ठसे दिसोत, लाकडी फळ्यांची वाट सोडायची नाही. काही वर्षांपूर्वी मी सोडली होती. मिंक म्हणून मुंगसासारखा एक लांबोडका प्राणी इथे असतो. त्याच्या उड्यांचे जोडीजोडीने उमटलेले ठसे ताज्या बर्फावरून लव्हाळ्यांत शिरले होते. ते कुठे जातात ते बघावं म्हणून मी चार पावलं पुढे गेले आणि पाचव्याला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी खोल नव्हतं, पण खालच्या चिखलाने बूट धरून ठेवला. हवा उणे चौदा अंश होती आणि गाडी वीस मिनिटांवर. गाडीत बसेपर्यंत पावलाची जाणीव गेली होती. ती परत येताना जी कळ आली ती अजून आठवते.

दलदलीतला बर्फ सरोवराच्या किंवा तळ्याच्या बर्फासारखा एकजिनसी नसतो. खाली पाला कुजत असतो. त्याने थोडी ऊब राहते आणि वायूचे बुडबुडे वर येऊन बर्फात अडकतात. वाळके दांडे ऊन शोषून घेतात, त्यामुळे त्यांच्या बुडाशी बर्फ पातळ होतो. ओढ्याची धार कुठेतरी खालून वाहतच असते, आणि वर पडलेला भुसभुशीत बर्फ गोधडीसारखं काम करून खालचं पाणी नीट गोठू देत नाही. हाताच्या अंतरावर एकीकडे वीतभर जाड थर आणि दुसरीकडे बोटभर, असंही असू शकतं. वरून दोन्ही सारखेच पांढरे.

आता पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मला खूप द्यायचं आहे.

रॅटरे मार्श म्हणजे शेरिडन क्रीक नावाचा ओढा ऑन्टॅरिओ सरोवराला मिळतो तिथली जागा. लाटांनी किनाऱ्यावर गोट्यांचा एक बांध रचलेला आहे आणि त्याच्या आड ओढ्याचं पाणी पसरून ही दलदल झाली आहे. एके काळी इथे बांधकामं होऊ घातली होती. रूथ हसी आणि त्यांच्यासारखे स्थानिक लोक वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे ती वाचली आणि १९७५ साली संरक्षित क्षेत्र म्हणून लोकांना खुली झाली. दक्षिण ऑन्टॅरिओतल्या मूळ पाणथळींपैकी सुमारे ७० टक्के भरून, नांगरून, बांधून संपल्या आहेत. चहूबाजूंनी घरं असताना हा तुकडा उरला, याचं मला दर खेपेला नवल वाटतं. म्हणूनच ‘तिथे बघायचं काय’ हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी आई निफाडहून आली होती. बाळ डिसेंबरात झालं, त्यामुळे बिचारीला कॅनडा पाहायला मिळाला तो थेट बर्फातलाच. जानेवारीतल्या एका स्वच्छ सकाळी बाळाला नवऱ्याजवळ ठेवून मी तिला घेऊन गेले. फळ्यांच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच वाळकी लव्हाळी होती, टोकाला तपकिरी कणसं. आईने हातमोजा काढला, एका कणसावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “अगं, हे तर आपल्या ओढ्यातलं पाणकणीस!” खरंच होतं ते. इथे त्याला कॅटटेल म्हणतात, पण घराणं तेच. माहेरी पाटाच्या कडेला, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या गाळात ते माजलेलं असतं. मी कितीतरी हिवाळे त्या झाडांमधून गेले होते आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

या पाणकणसापासूनच सुरुवात करा. तुम्हाला जे वाळकं गवत वाटतं आहे ना, त्याच्या मुळ्या चिखलात जिवंत आहेत. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. वाळक्या दांड्याच्या आत पोकळ नळ्यांचं जाळं असतं. दांडा बर्फाच्या वर डोकं काढून उभा राहतो आणि त्यातून हवा खाली गड्ड्यांपर्यंत पोचते. शरद ऋतूत कुणी हे दांडे पाण्याच्या पातळीखाली कापले, तर खालचं झाड गुदमरून मरतं. म्हणजे मेलेला दिसणारा प्रत्येक दांडा खरं तर नाक आहे. हे कळल्यावर ते पिवळं रान मला वेगळंच दिसायला लागलं.

कणसं नीट पाहिलीत तर काही घट्ट असतात, काही पिंजलेल्या कापसासारखी फुटलेली. एकेका कणसात दोन लाखांच्या आसपास बिया असतात, वाऱ्यावर जायला तयार. पण काही कणसं हिवाळाभर सुटतच नाहीत. त्यांच्या आत एका पतंगाच्या बारीक अळ्या राहतात, आणि आपलं घर उडून जाऊ नये म्हणून कापूस रेशमाने बांधून ठेवतात. चिकडी नावाचा मूठभर पक्षी येऊन त्याच अळ्या टिपतो. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल. स्वतःचं नाव सांगितल्यासारखा ‘चिक-डी-डी-डी’ ओरडतो, म्हणून लगेच ओळखू येईल. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. रात्री हा पक्षी अंगाचं तापमान नेहमीपेक्षा सुमारे दहा अंशांनी खाली आणतो, म्हणजे साठवलेली चरबी पहाटेपर्यंत पुरते. शरदात शेकडो जागी लपवलेलं दाणापाणी त्याला हिवाळ्यात आठवतं. तो अगदी जवळ येतो, काही जण हातावर दाणे ठेवून त्याला बोलावतात. तुम्ही तसं करू नका. त्याला जगायला आपले दाणे लागत नाहीत, आणि सांडलेल्या दाण्यांवर उंदीर जमतात.

मग लव्हाळ्यांच्या मधे गवताचे ढीग दिसतील, कुणी कडब्याची लहान गंजी रचून ठेवावी तसे. ती मस्करॅटची घरं. हा घुशीएवढा, दाट केसांचा, पाण्यात राहणारा प्राणी. तो हिवाळ्यात झोपत नाही. घराचं दार पाण्याखाली असतं. तिथून निघून बर्फाच्या खालून पोहत जायचं, पाणकणसाचे गड्डे उकरायचे आणि परत यायचं, असा त्याचा दिवस. घर लांब पडतं म्हणून मधेमधे तो बर्फाला भोक पाडतो आणि वर पाल्याचा गोळा रचून ते झाकतो, म्हणजे भोक गोठत नाही आणि आत बसून दम खाता येतो. कुठे वारा लागून बर्फ स्वच्छ, काचेसारखा झाला असेल तर त्याच्या पोटाला लागून चांदीच्या बुडबुड्यांची रांग दिसते. मस्करॅट खालून गेला त्याची ती खूण. मला ती आजवर दोनदाच दिसली आहे. दोन्ही वेळा मी फळीवर पालथी पडून बघत होते आणि मागून येणारे लोक थांबून माझ्या शेजारी पालथे पडले.

याच्याही खाली, चिखलात, कासवं आहेत. कवचाच्या कडेला लाल नक्षी असलेलं पेंटेड टर्टल बर्फाखाली तीन-चार महिने श्वास न घेता राहतं. प्राणवायूशिवाय शरीर चालवायचं तर रक्तात आम्ल साचतं. ते मारण्यासाठी हे कासव स्वतःच्या कवचातला चुना वापरतं. ओझं म्हणून वागवलेलं कवच हिवाळ्यात औषध होतं.

हे सगळं जमतं ते पाण्याच्या एका गुणामुळे. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंशाला. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ तर तरंगतोच. म्हणून पाणी वरून गोठतं. वर उणे वीस असो, तळाशी शून्य ते चार अंशांच्या मधे कुठेतरी असतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्या थंडीच्या पहाटेइतकंच की.” निफाडचा पारा पाचाच्या खाली उतरतो, द्राक्षांच्या पानांवर दव गोठतं आणि लोक घड तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. त्या पहाटेच्या थंडीत इथली कासवं चिखलात निवांत बसलेली असतात.

आवाजाकडेही कान द्या. हवा झपाट्याने गार किंवा गरम होत असेल तर बर्फ ताणतो, आकसतो आणि आतून दणका दिल्यासारखा घुमतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा छातीत धस्स होईल. फळ्यांवर उभे असाल तर घाबरायचं कारण नाही.

वाट पुढे जाऊन गोट्यांच्या बांधावर निघते. इथे थांबायला भरपूर वेळ ठेवा, कारण या फेरीतली मला सगळ्यात प्रिय जागा हीच. पाठीमागे दलदल पांढरी, गच्च, मुकी. समोर ऑन्टॅरिओ सरोवर मात्र गोठलेलं नसतं, ते उकळल्यासारखं वाफाळत असतं आणि लाटा गोट्यांवर आदळत असतात. या सरोवराची सरासरी खोली ८६ मीटर आणि जास्तीत जास्त २४४. उन्हाळ्याची ऊब एवढ्या पाण्यातून एका हिवाळ्यात निघत नाही. शेजारचं ईरी सरोवर सरासरी १९ मीटरच खोल, ते बऱ्याच हिवाळ्यांत जवळजवळ सगळं गोठतं. इथे फक्त लाटांचे तुषार काठावर गोठून बर्फाचे ओबडधोबड कट्टे तयार होतात. त्या कट्ट्यांवरही चढू नका, आतून ते पोकळ असतात.

त्या उघड्या पाण्यावर बदकं असतात. आईला मी दुर्बीण दिली आणि ती बराच वेळ बोललीच नाही. पांढरी-तपकिरी, शेपटीला लांब काडी असलेली लाँग-टेल्ड डक शेकड्यांनी येतात आणि सारखी बोलत असतात. गावच्या बाजारातला गलका दुरून यावा तसा तो आवाज पाण्यावरून येतो. शिंपले आणि तळाचे बारीक जीव खायला ती साठ मीटरपर्यंत खोल बुडी मारतात. त्यांची घरटी आर्क्टिकच्या उघड्या माळावर. हिवाळा आला की ती दक्षिणेला ऊब शोधत निघतात, आणि त्यांची दक्षिण म्हणजे हे सरोवर.

इथे आई हसली. नांदूर मध्यमेश्वरला थंडीत चक्रवाक, तलवार बदक, थापट्या येतात ते हिमालयाच्या पलीकडून. लहानपणी आम्ही म्हणायचो, किती गारठ्यातून येतात बिचारे. नांदूर मध्यमेश्वर २०२० साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं. आईला तो शब्द माहीत होता, गावात फलक लागला होता. “तिथेही पाहुणे, इथेही पाहुणे,” एवढंच ती म्हणाली, आणि दुर्बीण परत डोळ्याला लावली.

आता थोडं व्यवहाराचं. लेकशोर रोडवरच्या जॅक डार्लिंग पार्कमध्ये गाडी लावा आणि सरोवर डावीकडे ठेवून पश्चिमेला चालत जा. गाडी नसेल तर २३ नंबरची मायवे बस लेकशोरवरून जाते. मध्ये पायऱ्या आहेत. बर्फ तुडवून तुडवून त्यांची काच झालेली असते, म्हणून बुटाला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे घ्या. कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात आणि त्यांच्याशिवाय मी आईला नेलंच नसतं. अंगाला लागून सुती कपडा नको. घाम आला की तो ओला राहतो आणि थांबलात की हाडं गोठतात. लोकर किंवा थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे हातमोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा गरम. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, नाहीतर थंडीने बॅटरी बसते. आणि दुपारी दोनच्या आत निघा. या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही असं वाटलं तरी परत जा. वारा पडलेला, रात्री थोडा बर्फ पडून गेलेला असा दिवस निवडा, कारण त्या सकाळी रात्रभराचे सगळे ठसे ताजे असतात. कोल्ह्यासारखा कायोटी एका रेषेत चालत गेलेला दिसेल, हरणाचे दुभंगलेले खूर दिसतील. आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी राखून ठेवा. बर्फ अजून पुरता गेलेला नसतो तेव्हाच खांद्यावर लाल पट्टा असलेले काळे पक्षी, रेड-विंग्ड ब्लॅकबर्डचे नर, दक्षिणेकडून येऊन पोचतात. ते त्याच वाळक्या पाणकणसांवर एकेक दांडा धरून बसतात, पंख पसरून तो लाल रंग दाखवतात आणि सगळी दलदल त्यांच्या ओरडण्याने भरून जाते. आई तोवर परत गेली होती. मी तो आवाज फोनवर टिपून तिला पाठवला, तर तिने उलट विचारलं, “पाणकणसाला हिरवा कोंब आला का गं?”

नव्हता आला. एप्रिलच्या शेवटी आला, तेव्हा कळवलं.