कोस्टा रिकाला जा, पण कर्ज काढून नको

प्रश्न : आम्ही दोघं नाशिकला नोकरी करतो, मुलगी तिसरीत आहे. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी ह्यूस्टनला भावाकडे जातोय. तिकिटं काढली आहेत, अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसाही आहे. ख्रिसमसच्या आठवड्यात तिथून आठ दिवस मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला जायचं मनात आहे. खर्चाचा अंदाज चार लाख, हाताशी १ लाख ६० हजार. बाकीच्यासाठी पर्सनल लोन घ्यावं की अडीअडचणीचे पाच लाख मोडावेत?

उत्तर : ताई, दोन्ही नको. पण ट्रिप रद्दही करू नका. भारतातून मुद्दाम तिकडे जायचं तर विमानभाड्यातच कंबरडं मोडतं. तुमचा तो खर्च आधीच झालेला आहे आणि अमेरिकेचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा असला की भारतीय पासपोर्टला कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. अशी संधी पुन्हा लवकर यायची नाही.

२ लाख ४० हजारांचं लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर नुसतं व्याजच पन्नास हजारांवर जातं. आणि घराच्या हप्त्यासकट तुमचा महिन्याचा खर्च ८० हजार, म्हणजे ते पाच लाख जेमतेम सहा महिने पुरतील. यजमानांनी नुकतीच नोकरी बदलली आहे असंही तुम्ही लिहिलंय. त्या पैशाला हात लावू नका.

त्यापेक्षा ट्रिपच आटोपशीर करा. ख्रिसमस ते नवीन वर्ष हा तिथला सगळ्यात महाग काळ. तुम्ही ६ ते १२ जानेवारी जा. पॅसिफिकच्या बाजूला कोरडा हंगाम तेव्हाही असतो, हॉटेलं मात्र उतरलेली असतात. सहा रात्री, दोनच मुक्काम : आरेनाल ज्वालामुखीसाठी ला फोर्तुना आणि समुद्रासाठी मानुएल अंतोनियो. नकाशावर देश चिमुकला दिसतो, पण घाटरस्त्यांनी दिवस खातो. रोज गाव बदललंत तर पैसे प्रवासातच जातील. माझा अंदाज : विमान १,०५० डॉलर, राहणं ४८०, फिरणं ४००, जेवण ३६०, प्रवेश तिकिटं २५०. रुपयांत सव्वादोन लाखांच्या आसपास. ऑगस्ट ते डिसेंबर महिना १५ हजारांची आरडी लावा, ७५ हजार जमतील. हाताशी असलेले धरून २ लाख ३५ हजार होतात, भागतं.

आता जिथे खिसा फाटतो ते. ह्यूस्टनहून कोस्टा रिकाची राजधानी सान होसेला थेट विमान आहे, तेच घ्या. स्वस्त दिसलं म्हणून एल साल्वादोर देशाच्या राजधानीमार्गे, म्हणजे सान साल्वादोरमार्गे, तिकीट काढू नका. भारतीय पासपोर्टवर तिथल्या विमानतळावरून जाणाऱ्यांकडून एल साल्वादोरने ऑक्टोबर २०२३ पासून माणशी १,१३० डॉलर शुल्क घ्यायला सुरुवात केली. नुसतं विमान बदलायचं असलं तरीही. तिघांचे जवळपास तीन लाख, म्हणजे तुमच्या सगळ्या ट्रिपहून जास्त!

भाड्याची गाडी ऑनलाइन फार स्वस्त दिसते, पण सक्तीचा थर्ड पार्टी विमा बहुतेकदा त्या आकड्यात धरलेला नसतो, तो काउंटरवर चढतो. शिवाय क्रेडिट कार्डावर अनामत अडकते. दोनच मुक्काम असताना शेअर शटल व्हॅन पुरे.

जेवायला रिसॉर्ट सोडून ‘सोदा’ शोधा, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळी. कसादो मागवलं की भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोशिंबीर आणि तळलेली पिकली केळी एका ताटात येतात. ‘सिन कार्ने’ म्हटलं की मांस घालत नाहीत. बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवा शुल्क धरलेलं असतं, वर टिप द्यायलाच हवी असं नाही. कार्ड मशीन रुपयांत बिल करायचं का विचारेल, तेव्हा नको म्हणा. तो दर तुमच्या तोट्याचा असतो.

ला फोर्तुनाजवळच्या रिसॉर्टमध्ये गरम पाण्याच्या कुंडांना भरपूर पैसे पडतात. तेच ज्वालामुखीचं पाणी ताबाकोनजवळ रस्त्यालगतच्या चोयीन नदीत फुकट वाहतं आणि स्थानिक लोक तिथेच डुंबत असतात. प्रवाहाला ओढ आहे, मुलीचा हात सोडू नका.

मानुएल अंतोनियो उद्यान मंगळवारी बंद असतं आणि तिकीट फाटकावर मिळत नाही, आधी ऑनलाइनच काढावं लागतं. अमेरिकेसाठी घेतलेल्या प्रवास विम्यात कोस्टा रिका येतं का, ते पॉलिसीत तपासा. परतीचं ह्यूस्टनचं तिकीट छापून जवळ ठेवा, सान होसेला उतरल्यावर इमिग्रेशन ते मागू शकतं.