गावी घरी बनवलेली बिअर केगमधून द्यायची आहे. सिलेंडर, नळी, फ्रिज कसं बसवावं?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी परत आलात, घरी बिअर बनवून पाहुण्यांना केगमधून, म्हणजे गॅसच्या दाबावर चालणाऱ्या डब्यातून, द्यायचा विचार आहे आणि सामान कसं जुळवावं असं विचारलंय. आधी कायद्याचं बोलतो, कारण त्यात अडकलात तर बाकी सगळं वाया. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा त्यात गुन्हा आहे. ‘घरच्यापुरती बनवली’ ही सबब चालत नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरच्या बिअरला मोकळीक मिळाली, म्हणून तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही चालत असेल असं वाटतं. तुमच्या शेजारचा वर्धा जिल्हा तर पुरता दारूबंदीचा. चंद्रपूरची बंदी 2015 ला लागली आणि 2021 ला उठली, पण घरी बिअर बनवायची मुभा तिथेही कोणाला मिळाली नाही.

म्हणून बिअर बनवण्याबद्दल मी काही सांगणार नाही. केगचा विचार मात्र सोडू नका. आमचा तालुक्याच्या गावी सोडावॉटरचा धंदा आहे. गोटी सोड्याच्या बाटल्या अजून चालतात, पण लग्नाच्या, तेरवीच्या ऑर्डरी आता केगवरच काढतो. तुम्ही ज्याला बिअरचा केग म्हणता तो 19 लिटरचा स्टीलचा उभा डबा मुळात कोल्ड्रिंकच्या सिरपसाठीच निघाला होता. त्यातून सोडा द्या, आल्याचं पेय द्या, संत्र्याचं द्या. गॅस, नळी आणि थंडावा यांचं गणित तेच राहतं.

आपल्याकडे या गणितात सगळ्यात मोठा आकडा उन्हाचा. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात मुरतो, गरम पाण्यातून पळतो. साध्या हवेच्या दाबाला 4 अंशांवर एक लिटर पाणी जवळजवळ दीड लिटर गॅस धरतं. 30 अंशांवर पाऊण लिटरही धरत नाही. त्यामुळे गरम केगला कितीही गॅस चढवा, ग्लासात फेसच येणार. लोक रेग्युलेटर पिळत बसतात, खरं तर फ्रिज बघायला पाहिजे. केग आदल्या दिवशीच थंडीत जाऊ द्या, 4 अंशांच्या आसपास येऊ द्या, मग गॅस लावा. झाकणावरची चावी दोन-तीनदा ओढून आतली हवा काढून टाका, नाहीतर तीच हवा जागा अडवून बसते. सोड्याला 30 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) जवळ दाब ठेवून आठवडाभर तसाच राहू दिला की छान मुरतो. (बिअरला 11-12 पुरतो.) घाई असेल तर केग आडवा करून मांडीवर डोलवायचा, गॅस आत जाताना खुळखुळ आवाज येतो. आवाज थांबला म्हणजे त्या दाबाला पाण्याचं पोट भरलं.

नळी आखूड घेऊ नका. 30 चा दाब एकदम तोटीशी आला तर सोडा फवारतो. आतून 5 मिलिमीटरच्या आसपासची बारीक नळी तीन मीटर तरी हवी. सोड्याला त्याहून लांब, नाहीतर प्रवाह कमी करता येणारी तोटी घ्या. ही नळी फ्रिजच्या आतच गुंडाळून ठेवा. बाहेर लोंबणारी हातभर नळी मे महिन्यात पाच मिनिटांत तापते आणि पहिला ग्लास सगळा फेसाचा निघतो. तोटी अर्धवट उघडायची नाही, एका झटक्यात पूर्ण. ग्लास गार पाण्यात विसळून तिरपा धरायचा.

लिंबाचा रस केगमध्ये टाकू नका. गर आतल्या नळीत अडकतो आणि ऐन पंगतीत तोटी बंद पडते. लिंबू, काळं मीठ, जिरेपूड, साखर थोड्या पाण्यात घोळून आधी ग्लासात घ्या आणि वरून सोडा ओता. उलट केलं, म्हणजे सोड्यात कोरडं मीठ टाकलं, तर निम्मा ग्लास टेबलावर वाहून जातो. आल्याचा रस मात्र दोनदा फडक्यातून गाळला तर केगमध्ये चालतो, आणि मला विचाराल तर पंगतीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

लाईन गेली तर घाबरू नका, बंद फ्रिजमधला भरलेला केग काही तास थंड राहतो. कार्यक्रम मांडवात असेल तर टबात बर्फाची लादी फोडून केग त्यात उभा करा आणि नळीचं वेटोळंही बर्फातच बुडवा.

आता सिलेंडर. याबाबत मी फार कडक आहे. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड सिलेंडरमध्ये द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. तिथून पुढे पारा चढेल तसा आतला दाब भराभर वाढतो. आपल्याकडे सावलीतही 45 होतं. टिनाच्या शेडखाली, उन्हात उभ्या गाडीत सिलेंडर कधीच ठेवायचा नाही, आणि काठोकाठ भरून तर घ्यायचाच नाही. घरातल्या सगळ्यात गार, वारा खेळत्या जागी साखळीने भिंतीला बांधून उभा ठेवा. निजायच्या बंद खोलीत नको. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, गळला तर खाली साचतो. जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून का बघत, हे गावात कोणालाही विचारा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडा दिसला की वॉशर बदला, नुसतं आवळत बसू नका.

गॅस किती उरला हे मीटरवर कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा जवळपास एकाच जागी असतो आणि द्रव संपला की एकदम खाली येतो. सिलेंडरच्या गळ्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करून वजनकाट्यावर तोला. तिथेच तपासणीची तारीखही असते. पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर तो सिलेंडर भरून घेऊ नका, गॅसवाला तयार असला तरी.