ट्रॉलीच्या तळचा कांदा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल कांद्याच्या लिलावात सात ट्रॉल्यांवर बोली बोललास आणि एकही हाती लागली नाही. रात्री फोनवर तुझा आवाज पडला होता. शेवटच्या ट्रॉलीला पन्नास रुपये वाढवायला हवे होते, असं म्हणालास. बरं झालं, वाढवले नाहीस.

लासलगावचा लिलाव उभ्या उभ्या होतो. पुकारा झाला, दोघाचौघांनी आकडे टाकले की घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. तिथे हिशेब करायला वेळच नसतो, म्हणून तो घरून करून यायचा. कोलकात्याला, चेन्नईला काय भाव निघेल तो धर. त्यातून ट्रकभाडं, बारदान, हमाली, बाजार फी आणि वाळून-सडून होणारी घट वजा कर. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. त्याची घट टिकाऊ उन्हाळ कांद्यासारखी धरलीस तर फसशील. उरलेला आकडा वहीत लिही. तो ओलांडला की हात खाली.

जुने व्यापारी तुला बोलीत मुद्दाम चढवतील. नव्या परवानेवाल्याला चढवतातच, मलाही चढवलं होतं. राग येतो, पण रागात बोललेला भाव आपल्यालाच मोजावा लागतो.

आता खरं सांगायचं ते. ७ डिसेंबर २०२३ ला मी सकाळी भरपूर माल घेतला. रात्री निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. काही ट्रॅक्टर अजून खळ्यावर, म्हणजे माझ्या माल उतरवायच्या जागेवर, रिकामे व्हायचे होते. गोल्टी म्हणजे बारीक कांदा जास्त निघाला, जोड कांदा निघाला, अशी खोट काढून भाव पाडता आला असता. तसं करणारे आहेत. भुईकाट्यावर मालाचं वजन करून बसलेला, घरापासून लांब आलेला शेतकरी ट्रॅक्टर परत कुठे नेणार? मी बोललेलाच भाव रोख दिला. तोटा भरून काढायला दोन हंगाम गेले. तरी आजही तेच करीन.

माल बघायचा तो बोलीआधी. वरचा कांदा सगळ्यांचाच देखणा असतो. हात कोपरापर्यंत आत घाल, तळचा काढ, मान दाबून बघ. मऊ लागली तर शेतकऱ्याला तिथेच सांग आणि कमी बोल. नाही परवडलं तर तो नाही म्हणेल, तो त्याचा हक्क आहे.

सोमवारी लवकर ये. लिलाव सुरू व्हायच्या आत ओळीतून एक फेरी मारू. वही आण.

तुझा,
काका