कथा नेमकी कुठे अडते?

‘पूर्वी कथा आपसूक यायच्या, आता काहीच सुचत नाही. माझं लेखन संपलं का?’ लिहिणारी माणसं मला हे वारंवार विचारतात. एका लेखिकेचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्या पन्नाशीच्या, बँकेत अधिकारी. दिवाळी अंकांतून नेमाने कथा यायच्या, पण दोन वर्षांत एकही पुरी झाली नव्हती. संपादकांचा फोन वाजला की धडधडायचं, म्हणून त्या उचलायच्याच नाहीत.

आधी मी झोप, भूक, आवडीनिवडी विचारल्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे लेखनाचे उपाय पुरत नाहीत, डॉक्टरांना दाखवावं लागतं. यांचं तसं नव्हतं. नाटकं बघत होत्या, भाचीच्या मुलाला रोज नवी गोष्ट रचून सांगत होत्या. म्हणजे सुचत होतंच!

मग अर्धवट कथा आणायला सांगितल्या. फुलस्केप कागदांचा गठ्ठाच आला. प्रत्येकीचं फक्त शेवटचं पान आम्ही वाचलं. एकीत दोन जावा वाटणीच्या कागदांवर सह्या करायला बसल्यात. धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात चहा येतो. दुसरीत मुलगा आईला जाब विचारायला गावी पोचतो, तर आई देवळात गेलेली. वर्णन नेमकं, भाषा सुरेख. पण कुणी कुणाला लागेल असं बोलायची वेळ आली, की पुढे कोरं पान.

हे दिसल्यावर लेखिकेच्या आत्यांचा विषय निघाला. छापून आलेल्या शेवटच्या कथेतली विधवा आत्यांसारखीच तांदळाच्या डब्यात पाटल्या लपवते. एका लग्नात आत्या चारचौघांत म्हणाल्या, ‘माझी अब्रू वेशीवर टांगून किती मानधन मिळालं गं?’ लेखिका कुणाशीच हे बोलल्या नव्हत्या.

‘सुचत नाही’ म्हणताना अनेकदा सुचलेलं लिहायची भीती असते. वही मिटली की हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी ती आणखी लवकर मिटते. अशा माणसाला ‘रोज हजार शब्द लिहा’ सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं.

आम्ही लिहिणं आणि छापणं वेगळं केलं. अडलेला प्रसंगच लिहायचा, पंधरा मिनिटं, कुणाला न दाखवायच्या वहीत. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मनातले आघात असेच सलग चार दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला सांगितले होते. तो प्रयोग कथेसाठी नव्हता. मी त्यातली मोकळीक तेवढी घेतली.

पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, ‘धाकटी खूप बोलली.’ मी विचारलं, काय बोलली? पुढच्या भेटीत वाक्य आलं: ‘सासूबाईंचं तुम्ही केलंत म्हणून गावभर सांगता, पण त्यांचं शेवटचं हगणंमुतणं मी काढलंय, वहिनी.’ वाचताना त्यांचा आवाज कापत होता.

ती कथा पूर्ण झाली. आत्यांचा अबोला अजून आहे, आणि त्यांचं दुखावणं मला रास्त वाटतं. तो डबा जसाच्या तसा घ्यायला नको होता, हे मी लेखिकेला सांगितलंही. आता त्या ओळख पटेल अशा खुणा बदलतात, पण दुसऱ्या खर्ड्यात. पहिल्या खर्ड्यात धाकटीला कुणी अडवत नाही.