वाचक विचारतात: पिकअपवर सीबीचा अँटेना नेमका कुठे आणि कसा बसवायचा?

प्रश्न: माझी डबल केबिन पिकअप आहे आणि त्यात 40 चॅनेलचा सीबी (सिटिझन्स बँड, गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा) रेडिओ बसवलाय. अँटेना 4 फुटी फायबरग्लासचा घेतला आणि मागे हौद्याच्या कडेला ब्रॅकेट लावून बसवला, पण मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे उत्तम) सगळ्याच चॅनेलवर 3 च्या वर दाखवतो. दुकानदार म्हणतो मोठा अँटेना घ्या, मित्र म्हणतो केबल बरोबर 18 फूटच पाहिजे. काय करू?

उत्तर: आधी एक करा, नवा अँटेना घ्यायला जाऊ नका. आणि हा आकडा खाली येईपर्यंत माईकचं बटण दाबून गप्पा मारत बसू नका, कारण 3 च्या वर एसडब्ल्यूआर असताना बरीचशी पॉवर परत रेडिओकडेच येते आणि आतला आउटपुटचा ट्रान्झिस्टर त्याने जाऊ शकतो.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. अँटेनाची लांबी चुकली असती तर चॅनेल 1 आणि चॅनेल 40 यांच्या आकड्यात बऱ्यापैकी फरक दिसला असता. सगळीकडे सारखाच वाईट म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर ग्राउंड मिळत नाहीये.

ग्राउंडचं असं आहे बघा, सीबी चालतो 27 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी साधारण 11 मीटर, तिचा पाव भाग धरला तरी काठी 9 फुटांच्या जवळपास जाते, म्हणून छोट्या अँटेनात तारेची कॉइल घालून ती लांबी भरून काढतात. पण ही काठी म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा. तो नीट जोडलेला नसेल तर कितीही भारी काठी लावा, उपयोग नाही.

आता मल्टीमीटर घ्या. केबल रेडिओतून काढा, काठी ब्रॅकेटवरून काढा. प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडा यांच्यात बीप वाजायला नको. वाजला तर ब्रॅकेटचा स्टड (काठी ज्यावर फिरवून बसवतात तो तुकडा) उघडून बघा, त्यात प्लॅस्टिकचा एक छोटा वायसर असतो, त्याला बारीक कॉलर असते आणि ती कॉलर बरोबर ब्रॅकेटच्या भोकात बसली पाहिजे. ती जरा तिरकी बसली की स्टड ब्रॅकेटच्या लोखंडाला टेकतो आणि सगळी पॉवर तिथेच ग्राउंडला जाते. माझ्या गाडीवर मी हाच वायसर उलटा बसवला होता आणि दोन दिवस केबल बदलत बसलो होतो, म्हणून आता पहिल्यांदा तिथेच बघतो.

मग प्लगची बाहेरची कडा आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात बघा, जवळजवळ शून्य ओहम यायला हवं. नाही आलं तर ब्रॅकेटखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत उघडा करा, दात्यांचा वायसर टाकून बोल्ट आवळा, वरून गंज लागू नये म्हणून रंगाचा हात मारा. पिकअपमध्ये अजून एक गोम असते, केबिन आणि हौदा हे दोन वेगळे तुकडे असतात आणि केबिन चॅसीवर रबरावर बसलेली असते. हौद्यापासून चॅसीला आणि केबिनपासून चॅसीला विणलेल्या तांब्याची आखूड, रुंद पट्टी जोडा. साधी बारीक वायर मीटरवर शून्य दाखवेल पण 27 मेगाहर्ट्झला तेवढी चालत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

जागेचं विचाराल तर केबिनच्या टपाचा मध्य सगळ्यात चांगला, चारी बाजूंना सारखा पत्रा मिळतो. भोक पाडायला जीव होत नसेल तर मॅग्नेटवाला माउंट लावा, फक्त पत्रा लोखंडी आहे का ते आधी बघा, फोर्ड एफ-150 ची बॉडी 2015 च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे मॅग्नेट चिकटणारच नाही. हौद्याच्या कोपऱ्यावरच ठेवायचा असेल तर ज्या दिशेला पत्रा जास्त तिकडे आवाज जास्त जातो, म्हणजे मागे डावीकडे लावला तर पुढे उजवीकडे जोर. आणि काठीचा वरचा जास्तीत जास्त भाग टपाच्या वर निघाला पाहिजे, टपाच्या उंचीखाली केबिनला खेटून उभी असेल तर ट्यून होता होत नाही, म्हणजे लांबी कमीजास्त करूनही आकडा खाली येत नाही. म्हणून हौद्यावर वरच्या टोकाला कॉइल असलेला फायबरग्लास बरा पडतो, तुमचा तसा असेल तर तो टाकून देण्यासारखा अजिबात नाही.

ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. गाडी मोकळ्या जागेत घ्या, दारं आणि फाळका बंद, काठीजवळ कोणी उभं नको. चॅनेल 1 वर आकडा जास्त आला तर अँटेना आखूड पडतोय, वाढवा. 40 वर जास्त आला तर लांब आहे, कमी करा. टोकाला स्क्रू असेल तर अर्धा अर्धा फेरा फिरवून परत बघा, स्टीलची काठी असेल तर दोन-तीन मिलिमीटरच कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. 1.5 च्या खाली आलं की झालं, 2 पर्यंतही चालतं.

18 फुटांचं म्हणाल तर केबल 50 ओहमची आणि धड असली की लागेल तेवढी घ्या. केबल बदलून आकडा हलत असेल तर ग्राउंड कच्चं आहे असं समजा, तेच पक्कं करा.

प्रश्न: मोठ्या ट्रकसारखे दोन्ही आरशांवर दोन अँटेना लावले तर रेंज वाढेल का?

उत्तर: पिकअपवर नको. दोन अँटेनात 9 फुटांच्या आसपास अंतर मिळालं तरच त्याचा खरा फायदा, आणि पिकअप तेवढी रुंद नसते. शिवाय त्याला 75 ओहमच्या केबलचा वेगळा जोड लागतो आणि दोन्ही काठ्या सारख्या ट्यून कराव्या लागतात, एक केबल दोन काठ्यांना वाटणारा नुसता टी कनेक्टर लावून जमत नाही. त्यातून आरशांचे ब्रॅकेट बऱ्याच पिकअपवर प्लॅस्टिकचे, म्हणजे ग्राउंडची बोंब तिथेच सुरू. एकच लावा, टपावर लावा, आणि बुडाला स्प्रिंग टाका म्हणजे झाडाची फांदी लागली तर काठी मोडणार नाही. लावून झाल्यावर जमिनीपासून टोकापर्यंतची उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, विजेच्या तारा खाली लोंबत असतील तिथे स्प्रिंग तुम्हाला वाचवणार नाही, तिथे उतरून काठी आडवीच करायची.