रेसिडेंट ईव्हिल 2 चा जुना गेम पाठ आहे, तरी 2019 चा रिमेक खेळावा का?

हो, बिनधास्त खेळा. पाठ असलं तरी फार उपयोग होत नाही, कारण रकून सिटीचं पोलीस स्टेशन ओळखीचं वाटतं पण कोडी, चाव्या, खोल्या बऱ्याच बदलल्यात. 1998 च्या गेममध्ये कॅमेरा एका जागी फिक्स असायचा, झॉम्बी दिसायच्या आधी नुसता आवाज यायचा आणि तिथेच अर्धा जीव जायचा. रिमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे आलाय, म्हणजे भीती कमी व्हायला हवी ना, पण गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने कॉरिडॉर इतके अंधारे केलेत की टॉर्चच्या उजेडापलीकडे काही दिसत नाही आणि झॉम्बी डोक्यात दोनतीन गोळ्या खाऊनही परत उठतो.

आणि तो मिस्टर एक्स, गोळ्यांनी न मरणारा धिप्पाड शत्रू! जुन्यात तो फक्त दुसऱ्या सिनॅरिओत (एका पात्राने गेम संपवल्यावर दुसऱ्याने खेळायचा भाग), ठरलेल्या जागी यायचा. इथे मागेच लागतो, वरच्या मजल्यावर त्याच्या बुटांचा धप धप आवाज आला की मी सरळ सेव्ह रूम (गेम सेव्ह करायची सुरक्षित खोली) गाठतो.

एकच तक्रार, लिऑन आणि क्लेअर या खेळायच्या दोन पात्रांच्या गोष्टी एकमेकींत नीट बसत नाहीत, तेच बॉस दोघांनाही मारावे लागतात. ते जुन्यात जास्त चांगलं जमलं होतं. मोठे कोळीपण काढून टाकलेत (मला चाललं). शाईची रिबन वापरून सेव्ह करायची जुनी खाज असेल तर हार्डकोर मोड घ्या.