रिटालिन आणि कोकेन मेंदूत एकच काम करतात म्हणे, खरंय का? मग लहान मुलांना कसं देतात?

अर्धं खरंय, आणि नेमकं तेवढंच अर्धं व्हॉट्सॲपवर फिरतं. मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवतो, हा प्रश्न वर्गातही दरवर्षी कोणीतरी विचारतंच. त्यामुळे तुमच्या भाच्याला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ, घाई) मिथाइलफेनिडेट, म्हणजे रिटालिनमधलंच औषध, लिहून दिल्यावर घरात सगळ्यांना टेन्शन आलं यात नवल नाही.

बघा, मेंदूतली एक पेशी डोपामिन नावाचं निरोप नेणारं रसायन सोडते, पुढचीला निरोप पोचतो, आणि मग डोपामिन ट्रान्सपोर्टर नावाचं प्रोटीन उरलेलं डोपामिन परत आत ओढून घेतं. मोरीची जाळीच समजा. कोकेन काय किंवा मिथाइलफेनिडेट काय, दोघं त्या जाळीत बोळा घालतात, पाणी तुंबतं, डोपामिन बाहेर जास्त वेळ राहतं. ॲम्फेटामिन हे दुसरं उत्तेजक त्याच्याही पुढचं, ते पेशीत शिरून साठवणीच्या पिशव्यांतलं डोपामिन सांडवतं आणि ट्रान्सपोर्टरच उलटा चालवतं, पावसाळ्यात मोरीतून पाणी वर येतं तसं (तळमजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको). मुंबई-पुण्यात पकडतात ते एमडी, मेफेड्रोन, तेही याच उलट्या चालीचं.

मग फरक कुठे? स्पीडमध्ये. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत नोरा व्होल्को या मेंदू-संशोधक आणि त्यांच्या टीमने १९९० च्या दशकात पेट स्कॅन (मेंदूत औषध कुठे, किती पोचलं ते दाखवणारा स्कॅन) करून बघितलं, तर तोंडाने घेतलेल्या मिथाइलफेनिडेटच्या नेहमीच्या डोसनेसुद्धा निम्म्याहून जास्त ट्रान्सपोर्टर अडतात, कोकेनची नशा चढायला लागतात साधारण तेवढेच! तरी गोळीने नशा येत नाही, कारण गोळीचा असर मेंदूत हळूहळू चढत तासा-दीड तासाने शिगेला पोचतो आणि शिरेतून घेतलेलं कोकेन काही मिनिटांतच. मेंदूला डोपामिन किती वाढलं यापेक्षा किती झटक्यात वाढलं याचं जास्त पडलेलं असतं. हेच मिथाइलफेनिडेट शिरेतून दिलं तर लोकांना नशा येते, म्हणून गोळी चुरून नाकाने ओढणारे कॉलेजचे हिरो औषध घेत नसतात, सरळ ड्रग घेत असतात.

अजून एक, कपाळामागचा जो भाग लक्ष टिकवतो, घाई आवरतो, तिथे डोपामिन ट्रान्सपोर्टर फार कमी, तिथलं डोपामिन बरंचसं नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या रसायनाचा ट्रान्सपोर्टर उचलतो. मिथाइलफेनिडेट त्यालाही अडवतं, म्हणून पोरगं "उत्तेजक" घेऊनही शांत बसतं.

साइड इफेक्ट आहेत, नाही कशाला म्हणू. भूक मरते, शाळेचा डबा तसाच परत येतो, म्हणून नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या. उशिरा घेतली तर झोप उडते. नाडी-बीपी थोडं वाढतं, वजन-उंचीवर डॉक्टर लक्ष ठेवतात. लाँग ॲक्टिंग गोळी असेल तर चावायची, कुटायची अजिबात नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. आणि घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.